एक्केचाळीस नंबरचा पक्षी

१ जानेवारी २००६, रविवार. सकाळी १०.

"प्रतिमा, तू पक्षी बघत नाहीस, पक्षी तुला बघतात."

हे पुरुषोत्तम सर म्हणाले होते. १९८३ साली, नागपूरला एम.एस्सी.च्या फील्ड ट्रिपला, सगळ्या वर्गासमोर. वर्ग हसला होता, पण वर्गाला काय कळतं. पक्षी आपणहून माझ्याकडे ओढले जातात, एवढा सरळ अर्थ आहे. तेवीस वर्षं मी ही देणगी वाया घालवली. लग्न, अमेरिकेतलं हे चँडलर गाव, नीना, मंडळाचं स्नेहसंमेलन. आता पुरे.

नवीन वर्षाचे संकल्प. एक, काँडोरच्या निरीक्षणासाठी व्हॉलंटियर व्हायचं (फॉर्म पाठवलासुद्धा). दोन, पहाटे चारला उठायचं. तीन, नागपूरला वर्गमैत्रीण शोभाला आठवड्यातून एकच फोन, तोही अर्ध्या तासाचा. चार, नीनाला मराठी लिहायला-वाचायला शिकवायचं, दर रविवारी अर्धा तास. बाराखडी आणि अंक. मुलगी चौदा वर्षांची झाली, आता लाज वाटते.

आज रविवारच आहे. पण एक तारखेला कोणी अभ्यास सुरू करतं का. पुढच्या रविवारपासून.

४ मार्च, शनिवार.

फ्लॅगस्टाफला ट्रेनिंग. शिकवणारी डोना साठीची आहे, उन्हानं चेहरा खजुरासारखा झालेला. काँडोर म्हणजे इथलं गिधाड. पंख पसरले तर साडेनऊ फूट. एके काळी जगात जेमतेम बावीस उरले होते. आता आपल्या अ‍ॅरिझोनाच्या कड्यांवर पन्नास-साठ आहेत आणि प्रत्येकाच्या पंखाला नंबराचा बिल्ला आहे. आमचं काम: घरट्यासमोर दुर्बीण लावून बसायचं आणि दर पंधरा मिनिटांच्या रकान्यात, कोणता नंबर आला, काय केलं, ते लिहायचं. वेळा छापलेल्या आहेत. आपण फक्त नंबर घालायचा.

एक गोष्ट डोनानं तीनदा सांगितली. शिकारी लोक हरणं मारतात आणि आतडी तिथंच टाकून जातात. त्यात शिशाच्या गोळीचे कण असतात. काँडोर ते खातो आणि त्याला विषबाधा होते. पक्षी मान टाकून, पंख लोंबकळून बसलेला दिसला, तर तिथल्या नदीच्या पुलाशेजारच्या लॉजमध्ये जाऊन ताबडतोब फोन करायचा. मोबाइलला तिथं रेंज नाही. वेळेत पकडला तर इंजेक्शनं देऊन वाचतो. नाही तर नाही.

तीनदा सांगायची गरज नव्हती. ज्यांना नोट्स घ्यायची सवय नाही त्यांच्यासाठी असेल.

मी शब्द इंग्लिशमध्ये लिहिते, पण आकडे मराठीतच येतात. शाळेपासून हात तसाच वळलाय. शेजारच्या बाईनं विचारलं, हा कोड आहे का. मी हो म्हटलं. संशोधकाचं थोडं तरी गुप्त असावं.

८ एप्रिल, शनिवार.

पहिला दिवस. गजर चारचा होता, मी सव्वासहाला उठले. पक्षी काही पळून जात नाहीत. चँडलरपासून पाच तास ड्राइव्ह.

पोचल्या पोचल्या काँडोर दिसला. चाळीस मिनिटं बारीक निरीक्षण केलं, दोन पानं भरली. मग नदीवर मासे धरायला आलेला एक माणूस म्हणाला की ते साधं टर्की व्हल्चर आहे, तुमच्या चँडलरमध्येसुद्धा कचऱ्यावर असतात. दोन्ही काळे, दोन्ही टकले. पानं फाडली नाहीत. तुलनेला होतील.

दुपारी मात्र खरा आला. ४१. घरट्यातला नर. सरळ येऊन माझ्या गाडीजवळच्या दगडावर बसला आणि मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला. जांभळट-केशरी टक्कल, गळ्याभोवती काळ्या पिसांची कॉलर. कोर्टातल्या म्हाताऱ्या वकिलासारखा. सरांची फार आठवण झाली. मग त्यानं गाडीच्या वायपरचं रबर उपटून नेलं.

घरी येऊन नवऱ्याला, शैलेंद्रला, सांगितलं. तो म्हणाला, नवीन वायपर त्यालाच आणायला सांग.

९ एप्रिल, रविवार.

तक्ता टाइप करून ईमेल करायचा असतो. मी एका बोटानं टाइप करते. नीना टीव्ही बघत बघत दहा बोटांनी करते. सौदा झाला: ती टाइप करणार, मी तिला मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये सोडणार आणि कोणकोण आहेत ते विचारणार नाही. माझं अक्षर लागतं ना, एवढं विचारलं. म्हणाली, "आई, नंबर्स आर नंबर्स."

हुशार आहे पोरगी. बाराखडीला आज वेळ राहिला नाही.

२० मे, शनिवार.

चाळीस मिनिटं डोळे मिटले होते. झोप नव्हे. डोळे मिटल्यावर कान जास्त चालतात. त्या वेळचे रकाने अंदाजानं भरले. मादी २३, नर ४१. दुसरं कोण येणार?

डोनानं मेलमध्ये लिहिलंय की इतर व्हॉलंटियर कधीकधी "माहीत नाही" असंही लिहितात आणि ते चालतं. बिचारे.

२४ जून, शनिवार.

पिल्लू दिसलं. गुहेच्या तोंडाशी राखाडी कापसाचा बोळा, आणि त्याला मोठं नाक. ४१नं त्याला भरवलं. पिल्लानं अख्खं डोकं बापाच्या तोंडात घातलं. मला एकदम नीना आठवली, सहा महिन्यांची, शैलेंद्रच्या हातातून वरणभात खाताना. तोही असाच बावरायचा.

घरी कोणाला काही नाही. शैलेंद्रनं विचारलं, कोणाच्या वळणावर गेलंय. नीना म्हणाली "ईऊ."

२ जुलै, रविवार.

शोभाला फोन. ती नागपूरला आमच्याच कॉलेजात शिकवते. मी पिल्लाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिकडे कायची गिधाडं पाहून राहिली बाई तू? इथं एक उरलं नाही." गुरांना दुखण्यावर एक औषध देतात, म्हणे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात. पाच-सात वर्षांत आभाळ रिकामं झालं. सरकार आता बंदी घालतंय.

मी म्हटलं, आपल्या त्या ट्रिपला केवढी होती गं, गावाबाहेर, मेलेली गुरं टाकतात तिथं. झाडंच्या झाडं वाकली होती. शोभा हसली. म्हणाली, किती होती ते तुला नाही विचारत.

काय बोलायचं होतं तिला कळलं नाही. लाइन खराब होती. एक तास दहा मिनिटं बोललो.

२७ ऑगस्ट, रविवार.

गिरिजाकडे गणपती. चँडलरमधली झाडून सगळी मराठी माणसं होती. आरती झाल्यावर मी पर्समधून पिल्लाचे फोटो बाहेर काढले. गिरिजा हळूच म्हणाली, "प्रतिमाताई, सणासुदीला गिधाडं नको ना, मोर-बिर नाही का तुमच्याकडे?" एवढ्यात मोदकांच्या रांगेत कोणीतरी नवऱ्याला म्हणालं, गिधाडासारखा तुटून पडू नकोस.

मग मात्र मी बोलले. गिधाड किती शिस्तीत खातं, जोड्या कशा वर्षानुवर्षं टिकतात, इथं बसलेल्या किती जणांच्या टिकतील. शेवटचं बोलायला नको होतं. शैलेंद्रनं गाडीत रेडिओ मोठा केला. नीना म्हणाली की ती पुढच्या वर्षी येणार नाही.

समाज तयार नाही. संशोधकाला एकटंच राहावं लागतं.

१६ सप्टेंबर, शनिवार.

डोनाची मेल. शब्दशः उतरवून ठेवते: तुमच्या तक्त्यांत या घरट्यावर जे दिसतंय, ते आमच्यापैकी कोणीच आजवर पाहिलेलं नाही. तुमची खात्री आहे का?

तीनदा वाचली. माझं निरीक्षण आहे की नर मादीपेक्षा जास्त भरवतो. तेच म्हणत असणार. कळवलं: शंभर टक्के. खात्री नसेल ते मी लिहीत नाही.

पेपर लिहायला घेतला आहे. शीर्षक तयार आहे, आभारही. सरांचं नाव पहिलं. ते वारले त्याला सात वर्षं झाली, पण असू दे.

नीनाचे मराठीचे रविवार दिवाळीनंतर. घाईत शिकलेली भाषा टिकत नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार.

आजचा दिवस या वर्षातला सर्वांत मोलाचा.

४१ सकाळी अकरापासून माझ्यासमोरच्या दगडावर बसून होता. हललासुद्धा नाही. पाच तास. मान खाली, पंख शालीसारखे ओघळलेले. मधूनमधून डोळा उघडून माझ्याकडे बघायचा. मी सहा पानं लिहिली. इतका विश्वास वन्य प्राण्यानं माणसावर टाकल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. वर पिल्लू कपारीच्या कडेवर येऊन पंख फडफडवत होतं, भूक भूक करत होतं, तरी हा उठला नाही.

चारच्या सुमाराला डोनाचं बोलणं आठवलं.

लगेच लॉजवर गेले. फोन नाण्यांवर चालतो. पर्समध्ये एकही क्वार्टर नव्हतं. काउंटरवरच्या बाईनं सुटे दिले असते, पण पुढं तिघं उभे होते आणि हे अंधार पडायच्या आत निघण्याचे दिवस. शिवाय फोनवर सांगणार काय, दोन वाक्यं? हौशी लोक घाबरून फोन करतात. माझ्याकडे सहा पानं होती, दर पंधरा मिनिटांची. पूर्ण रिपोर्ट गेला तर डॉक्टरला जास्त उपयोग.

१२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

नीनानं मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायच्या आधी रिपोर्ट टाइप करून पाठवला. वर मोठ्या अक्षरांत URGENT. पक्ष्याचा नंबर सतरा ठिकाणी आहे. चुकायला जागा नको.

१४ नोव्हेंबर, मंगळवार.

दुपारी डोनाचा फोन. आवाज थकलेला. मी लिहिलेला दगड रविवारी रिकामा होता, म्हणून त्यांची तीन माणसं रविवार आणि सोमवार, दोन दिवस कडे पालथे घालत होती. शेवटी पक्षी सापडला तो राज्याच्या सीमेपलीकडे, युटाहमध्ये. जाळं टाकून पकडला. तरणीताठी मादी, रक्त स्वच्छ, एकाच्या अंगठ्याला टाके पडले. डोनानं विचारलं, ८९ नंबर तुमच्यासमोर पाच तास बसलीच कशी? आणि एप्रिलपासून तुमच्या घरट्यावर येतेच कशी?

मी म्हटलं, मी ८९ हा आकडा आयुष्यात लिहिलेला नाही.

तिनं माझे तक्ते वाचून दाखवले. एटी-नाइन. एटी-नाइन. एटी-नाइन. मी म्हटलं, ही माझ्या टायपिस्टची चूक आहे. टायपिस्टची, असंच म्हटलं. डोना म्हणाली, तर मग कोण बसलं होतं? फॉर्टी-वन, मी म्हटलं. ती म्हणाली, फोन ठेवते.

नीना शाळेतून आल्यावर मी तिला खूप बोलले. लक्ष नसतं, टीव्ही चालू असतो, आईचं काम म्हणजे फालतू. ती ड्रॉवरमधून माझी वही घेऊन आली. एका आकड्यावर बोट ठेवलं. "आई, दिस इज अ नाइन."

तो एक होता. मराठी एक.

मग तिनं शेजारी बोट ठेवलं. चार. वर तोंड उघडं राहिलेला इंग्लिश आठच तो. मी मे महिन्यातली पानं उलटली, जूनची, ऑगस्टची. सगळीकडे माझ्या स्वच्छ, वळणदार अक्षरात ८९ बसला होता. तिला दुसरं काय दिसणार? २३ मात्र बरोबर गेला. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच.

डोनानं आजवर कोणी न पाहिलेलं जे म्हटलं होतं, ते हे.

पेपरचा कागद कुठं ठेवलाय आठवत नाही. शोधणार नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार.

४१ सापडला. मी लॉजवरून निघाल्यापासून पाच दिवसांनी. पुलाजवळ थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं लॉजमधून फोन केला होता. डोनानं त्याचं वाक्य सांगितलं: इथं एक मोठी काळी कोंबडी आजारी दिसतेय, तिच्यावर 41 लिहिलंय. एवढंच. त्याच्याकडेही नाणी नव्हती, म्हणे. काउंटरवरच्या बाईकडून घेतली.

पक्षी जिवंत आहे. निम्मं वजन उतरलंय, पायांवर उभं राहता येत नाही. फिनिक्समध्ये इंजेक्शनं चालू आहेत. तो दवाखाना आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे. मी विचारलं, बघायला येऊ का. नाही, तिथं कोणाला सोडत नाहीत.

शैलेंद्र नवीन वायपर आणून बसवलेत, एवढं सांगून आत गेला.

१९ नोव्हेंबर, रविवार.

शोभाला सगळं सांगितलं. म्हटलं, सर असते तर काय म्हणाले असते. ती म्हणाली, "सर म्हणून गेले न बाप्पा तेव्हाच. तुला खरंच आठवत नाही?"

तिला आठवत होतं. त्या मेलेल्या गुरांच्या जागी सगळ्यांना गिधाडं मोजायला लावली होती. शोभानं लिहिली तीनशे बारा. कोणी दोनशे अठ्ठ्याण्णव, कोणी तीनशे वीस. मी आकड्याच्या रकान्यात लिहिलं होतं: असंख्य. सरांनी माझी वही वर धरून वर्गाला दाखवली, आणि मग ते वाक्य म्हणाले.

शोभा म्हणाली, कॉलेज आता जुने आकडे शोधतंय, पूर्वी किती होती ते दाखवायला. कपाटात आमच्या वर्गाच्या अकरा वह्या सापडल्या. दहांत आकडे आहेत.

मी म्हटलं, इतकी होती गं, मोजायची कशाला असं वाटलं. शोभा म्हणाली, हो, होतीच तशी. आज अर्धा तासच बोललो.

खाली आले तर नीना जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसली होती. पानभर एक, एक, एक. माझ्या वहीत बघून काढलेले. डोळे सुजलेले. विचारलं, मराठी वन आणि मराठी नाइन ओळखायचे कसे, दोन्हींना शेपूट आहे. तिनंच मारलं का त्याला, असंही विचारलं, इंग्लिशमधून. मी म्हटलं, तू नाही, आणि तो मेलेला नाही. डोनाला फोनवर मी टायपिस्टची चूक म्हटलं होतं, ते तिला सांगितलं. सांगितलं नसतं तर तिला कळलं नसतं.

मग शेजारी बसून शून्यापासून नऊपर्यंत काढून दाखवले. अर्धा तास लागला. जानेवारीपासून अर्धा तास मिळत नव्हता.

२३ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग.

डोनाची मेल आली. फार सभ्य आहे. वर्षभराच्या कामाबद्दल आभार. पुढच्या सीझनला घरट्यावर अनुभवी लोक नेमायचं ठरलंय. माझं नाव न्यूजलेटरच्या यादीत राहील. एप्रिलपासूनचे माझे सगळे तक्ते बाजूला काढलेत, कारण आता कोणता आकडा धरावा ते त्यांना कळत नाही. मे महिन्यातली ती चाळीस मिनिटं तर मलाही कळत नाहीत. ते मी अजून सांगितलेलं नाही.

पिल्लू सोमवारी उडालं. माझ्या जागी आलेल्या मुलीनं पाहिलं. मादी एकटीच भरवते आहे. ४१ खायला लागलाय. पायांवर उभा राहिला तर जानेवारीत कड्यावर नेऊन सोडतील.

शैलेंद्र आणि नीना स्वयंपाकघरात बटाटे सोलताहेत. मी एका बोटानं उत्तर टाइप केलंय. सव्वा तास लागला. नीनाला आकडे तपासायला दाखवलं. एकच आकडा आहे. तिनं ओके म्हटलं आणि जाता जाता माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

मजकूर असा:

प्रिय डोना, निर्णय योग्य आहे. मे महिन्यात एकदा मला झोप लागली होती आणि ते रकाने मी मनानं भरले. हे तुम्हाला माहीत असावं. 41 ला सोडाल त्या दिवशी मी येऊ का? रस्त्याच्या पलीकडे, तुम्ही सांगाल तेवढ्या लांब उभी राहीन. वही आणणार नाही. नुसती बघेन. नाही म्हणणार असाल तर कारण लिहायची गरज नाही, ते मला माहीत आहे.